बब्बा गम्पच्या पद्धतीची कोळंबी घरी: बिअरमधली, नारळाची आणि गंबो

फॉरेस्ट गम्प हा चित्रपट १९९४ साली आला आणि दोनच वर्षांत, १९९६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावी कॅनरी रो या जुन्या सार्डिन-कारखान्यांच्या रस्त्यावर बब्बा गम्प श्रिम्प कंपनीचं पहिलं रेस्टॉरंट उघडलं. रस्टी पेलिकन या रेस्टॉरंट कंपनीने चित्रपट काढणाऱ्या पॅरामाउंटकडून नावाचे हक्क घेऊन ते सुरू केलं. पुढे मेक्सिको, जपानपर्यंत शाखा गेल्या आणि २०१० मध्ये ह्यूस्टनच्या लँड्रीज कंपनीने ही साखळी विकत घेतली. चित्रपटातला फॉरेस्टचा मित्र बब्बा हा अलाबामातल्या बायू ला बात्र या कोळंबीच्या गावचा. कोळंबीचे किती प्रकार करता येतात याची तो सैन्यात असताना मोजदाद करत राहतो, आणि रेस्टॉरंटचा सगळा मेन्यू त्या मोजदादीवरच उभा आहे.

तिथे प्रत्यक्ष जेवायला गेलात तर एक गोष्ट माहीत हवी. टेबलावर नंबरप्लेटसारख्या दोन पाट्या असतात. निळी ‘रन फॉरेस्ट रन’ दिसत असेल तर वेटर पुढे निघून जातो, लाल ‘स्टॉप फॉरेस्ट स्टॉप’ वर केली की थांबतो. पाणी हवं, बिल हवं, काहीही हवं असेल तर हाक न मारता लाल पाटी वर करा. अधूनमधून वेटर चित्रपटावरचे प्रश्नही विचारतात, तेव्हा चित्रपट आधी बघून गेलात तर मुलांना मजा येते. डुकराचं मांस चालत नसेल तर गंबो (दाट रस्सा), जांबालाया (मसालेभाताचा एक प्रकार) किंवा ‘न्यू ऑर्लीन्स’ असं काही मागवण्याआधी त्यात सॉसेज आहे का ते विचारून घ्या. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियाना राज्याकडच्या पदार्थांत ते सर्रास असतं.

आता घरच्या स्वयंपाकाकडे. आपल्या कालवणात कोळंबी दोन मिनिटं जास्त शिजली तरी रस्सा सांभाळून घेतो. या पदार्थांत, निदान पहिल्या दोन्हींत, कोळंबी उघडी असते, तिला लपायला जागा नाही. त्यामुळे मसाल्यापेक्षा कोळंबीचा आकार आणि शिजवण्याची वेळ यांवरच सगळं ठरतं. कोळंबीचं मांस ६० अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होऊ लागतं, ६३ अंशांना ती खाण्याजोगी शिजते. त्याच्या बरंच वर गेली की तंतू आवळतात, आतलं पाणी बाहेर येतं आणि रबर हातात राहतं. मटणासारखी ती पुढे शिजवून मऊ होत नाही.

कोळंबी घेताना

अमेरिकेत पाकिटावर १६/२०, २१/२५, ३१/४० असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती नग बसतात ते हे आकडे सांगतात. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. ‘यू-१५’ म्हणजे पौंडाला पंधराहून कमी. ‘जंबो’, ‘लार्ज’ या शब्दांवर जाऊ नका, ते दुकानागणिक बदलतात. आपल्याकडे शेततळ्यातली वनामी जातीची कोळंबी किलोच्या काउंटवर, म्हणजे किलोत किती नग त्यावर, विकली जाते, त्यामुळे हिशेब असा: १६/२० म्हणजे किलोला साधारण ३५ ते ४४, २१/२५ म्हणजे ४६ ते ५५, ३१/४० म्हणजे ६८ ते ८८ नग. फक्त हे अमेरिकी आकडे डोकं काढलेल्या कोळंबीचे आहेत. डोक्यासकट घेतली तर डोकं गेल्यावर एक किलोची ६०० ते ६५० ग्रॅम उरते, आणि सोलून दोरा काढल्यावर जेमतेम अर्धा किलो.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की तिथे आयात होणाऱ्या कोळंबीत गेली अनेक वर्षं सर्वांत मोठा वाटा भारताचा आहे, आणि तिच्यातली बरीचशी आंध्रच्या तळ्यांतली वनामी. म्हणजे तिथल्या सुपरमार्केटमधलं गोठवलेलं पाकीट आणि आपल्याकडचं पाकीट बहुतेकदा एकाच जातीचं निघतं. मेक्सिकोच्या आखातातली जंगली तपकिरी कोळंबी मात्र वेगळी लागते. तिला आयोडिनसारखी एक तीव्र चव असते, ती तिच्या समुद्रातल्या खाद्यातून येते. गंबोला ती फार छान, नारळाच्या कोळंबीला नको.

पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा. फक्त ‘कोळंबी, मीठ’ असेल तर उत्तम. ‘सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट’ लिहिलेलं असेल तर त्या कोळंबीने पाणी शोषून वजन वाढवलेलं आहे. तव्यावर ते पाणी सुटतं, कोळंबी भाजण्याऐवजी उकडते आणि जिभेवर थोडी साबणासारखी चव राहते. तीच घ्यावी लागली तर तिला मिठाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात मुळीच ठेवू नका.

सालीवर काळे ठिपके दिसले म्हणून कोळंबी लगेच टाकायची नसते. कापलेलं सफरचंद जसं हवेत काळवंडतं तशीच ही क्रिया आहे. पण अमोनियासारखा, डोळ्यांत जाणारा वास आला किंवा मांस बोटाखाली बुळबुळीत लागलं तर मसाल्याने झाकायला जाऊ नका, टाकून द्या.

गोठवलेली कोळंबी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सुटी करा. घाई असेल तर पिशवीसकट थंड पाण्यात २० ते ३० मिनिटं. गरम पाण्यात घातली तर कडा शिजतात आणि मध्ये बर्फ राहतो, मग पुढची कुठलीच वेळ बरोबर बसत नाही.

साफ करणं

बिअरमधल्या कोळंबीसाठी साल ठेवायची असते. लहान टोकदार कात्री डोक्याच्या बाजूने सालीखाली घाला आणि पाठीच्या मध्यावरून शेपटीच्या आधीच्या पेरापर्यंत कापत जा. कात्रीचं खालचं पातं मांसात दोन-तीन मिलिमीटरच जाऊ द्या. त्या चिरेतून काळा दोरा टूथपिकने उचलून ओढा. साल जागेवर राहते, मसाला चिरेतून आत जातो आणि टेबलावर सोलणंही सोपं होतं.

तळायच्या कोळंबीची शेपूट ठेवा, बाकी साल काढा. शेपटीच्या दोन पंखांच्या वर मधोमध एक टोकदार काटा असतो, तो मागे वाकवून मोडून टाका. मग पंखांची टोकं तिरकी छाटा आणि सुरीच्या पात्याची पाठ शेपटीवरून टोकाकडे दाबत न्या. आतून थोडं काळसर पाणी बाहेर येईल. तळताना कढईत होणारे फटाके बहुतेक वेळा याच पाण्याचे असतात.

साली आणि डोकी टाकू नका. गंबोचा सगळा जीव त्यांच्यात आहे. पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवली तर महिनाभर चालतात.

केजन मसाला

केजन म्हणजे लुइझियानातल्या फ्रेंच वंशाच्या लोकांची स्वयंपाकाची पद्धत. तिन्ही पदार्थांना हा एकच मसाला पुरतो. पॅप्रिका २ मोठे चमचे (नसेल तर बेडगी मिरचीची पूड दीड मोठा चमचा, रंग तोच येतो), लसूण पावडर १ मोठा चमचा, कांदा पावडर २ छोटे चमचे, ताजी कुटलेली मिरी २ छोटे चमचे, झणझणीत लाल तिखट १ छोटा चमचा, ऑरिगॅनो १ छोटा चमचा, थाइम १ छोटा चमचा. थाइम मिळालं नाही तर पाव छोटा चमचा ओवा हातावर चोळून घाला. दोन्हींत थायमॉल हा वासाचा घटक असतो, म्हणून हा बदल जमतो, पण ओवा तीव्र आहे, पाव चमच्याच्या वर गेलात तर भजीचा वास येईल. हळद, धणे, गरम मसाला यांतलं काही घालायचं नाही. मीठही यात मिसळू नका, ते प्रत्येक पदार्थात वेगळं पडतं. विकतचा केजन मसाला वापरत असाल तर त्यात मीठ भरपूर असतं, तेव्हा कृतीतलं मीठ निम्मं करा.

बिअरमध्ये शिजवलेली, सालीसकट

रेस्टॉरंटमध्ये ही ‘श्रिम्पर्स नेट कॅच’ नावाने येते, लसणाच्या किंवा केजन मसाल्यात. हातांनी सोलायची आणि बोटं चाटायची. तिघांना सुरुवातीला पुरेल असं माप:

सालीसकट, डोकं काढलेली २१/२५ आकाराची कोळंबी ५०० ग्रॅम. बिअर ६५० मिलिलिटर, म्हणजे आपल्याकडची एक मोठी बाटली. पाणी ८५० मिलिलिटर. मीठ ३० ग्रॅम (सपाट ५ छोटे चमचे). केजन मसाला १ मोठा चमचा, ठेचलेल्या लसणाच्या ६ पाकळ्या, अर्धं लिंबू पिळून सालासकट. वरच्या सॉससाठी बिनमिठाचं लोणी ६० ग्रॅम, बारीक चिरलेल्या लसणाच्या ८ पाकळ्या, केजन मसाला २ छोटे चमचे, उरलेल्या अर्ध्या लिंबाचा रस.

बिअर साधी, हलकी लागर घ्या. कडवट बिअर उकळून आणखी कडू होते आणि तो कडूपणा कोळंबीत उतरतो. बिअर चालत नसेल तर तेवढंच पाणी, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि एक छोटा चमचा साखर घाला. लक्षात असू द्या, बिअर उकळल्यावरही अल्कोहोल पूर्ण जात नाही. पाहुण्यांना चालत नसेल तर आधीच सांगा.

कोळंबी आणि सॉसचं सामान सोडून बाकी सगळं झाकण ठेवून १० मिनिटं उकळा. मग गॅस मोठा करून खळखळून उकळी आली की फ्रिजमधून काढलेली कोळंबी एकदम टाका, ढवळा, झाकण लावा आणि गॅस बंद करा. ४ मिनिटांनी एक काढून बघा: मांस आरपार पांढरं, चिरेपाशी कुठे काचेसारखं दिसत नाही, तर झाली. नसेल तर आणखी एक मिनिट. गॅस बंद का, तर दीड लिटर उकळत्या द्रवात अर्धा किलो थंड कोळंबी पडली की तापमान ७५ ते ८० अंशांवर येऊन थांबतं. त्यात ती हळू, सारखी शिजते, मिनिटभर चुकलं तरी रबर होत नाही. उकळत ठेवलीत तर ती सवलत जाते. पण द्रव कमी करू नका. अर्ध्या किलोला अर्धा लिटरच घेतलं तर तापमान इतकं खाली येतं की कोळंबी मध्ये कच्ची राहते. एक किलो करायची असेल तर द्रवही दुप्पट, नाहीतर दोन घाण्यांत.

कोळंबी शिजतेय तोवर दुसऱ्या शेगडीवर लोणी मंद आचेवर वितळवून लसूण एक मिनिट परता. लसूण तपकिरी झाला तर सॉस कडू होतो, फिका असतानाच मसाला घाला आणि लगेच कोळंबीच्या भांड्यातलं ३ मोठे चमचे पाणी ओता. लोणी आणि पाणी एकजीव होऊन सॉस दाट दिसू लागेल. निथळलेली कोळंबी त्यात टाकून अर्धा मिनिट घोळवा, वर लिंबू. सोबत पावाचे जाड तुकडे हवेतच, लादीपाव उत्तम. शिवाय साली टाकायला एक रिकामं भांडं.

नारळाची तळलेली

नारळ म्हटलं की आपला हात खोवणीकडे जातो, पण इथे ओला नारळ चालत नाही. त्यातलं पाणी तेलात उतरतं, आवरण सुटतं आणि चव तळण्याऐवजी वाफवल्यासारखी लागते. जाडसर डेसिकेटेड नारळ घ्या, बिनसाखरेचा. अमेरिकेत गोड केलेला किसलेला नारळ सगळीकडे मिळतो, तो वापरायचा तर तेल १६५ अंशांवर ठेवा, कारण साखर आधी जळते. आपल्या सुक्या खोबऱ्याचा जाड कीसही चालतो, मात्र खोबरं आधी चाखून बघा. किंचित खवट असेल तर तळल्यावर तो वास कितीतरी वाढतो.

सोललेली, शेपटीची १६/२० कोळंबी ४५० ग्रॅम. पाठीवर खोल चीर देऊन दोन पाळ्या उघडा, पण पोटाकडची बाजू जोडलेली राहू द्या. अर्धा छोटा चमचा मीठ आणि पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा चोळून १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. सोड्याने मांस दाताखाली करकरीत लागतं. त्याहून जास्त सोडा किंवा जास्त वेळ म्हणजे साबणाची चव. नंतर किचन टॉवेलने कोरडी टिपा. ओल्या कोळंबीवर पीठ धरत नाही, आणि आवरण सुटण्याचं पहिलं कारण हेच.

पीठ: मैदा ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम, केजन मसाला १ छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, एक अंडं आणि ८० ते ९० मिलिलिटर बर्फासारखा गार सोडावॉटर. गुठळ्या थोड्या राहिल्या तरी चालेल, फेटत बसू नका, मैदा चिवट होतो. दुसऱ्या ताटात पॅन्को (जाडसर, हलके जपानी) ब्रेडक्रम्ब्स ६० ग्रॅम आणि नारळ ६० ग्रॅम एकत्र. नुसता नारळ लावला तर तो गळतो आणि काळा पडतो, पॅन्को त्याला धरून ठेवतो.

कोळंबीवर कोरडं कॉर्नफ्लोअर भुरभुरवा, शेपूट धरून पिठात बुडवा, जास्तीचं निथळू द्या, मग नारळात ठेवून तळव्याने दाबा. शेपटीला काहीच लावायचं नाही. ताटात मांडून २० मिनिटं फ्रिजमध्ये. हा टप्पा गाळू नका, आवरण यातच बसतं.

जाड कढईत एक लिटर शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल १७५ अंशांना आणा. थर्मामीटर नसेल तर ब्रेडचा लहान चौकोन टाका, साधारण मिनिटभरात सोनेरी झाला पाहिजे. एका वेळी पाचच नग, सव्वादोन ते अडीच मिनिटं, एकदा उलटून. तेल १९० च्या वर असेल तर नारळ मिनिटाच्या आत काळवंडतो आणि आत कोळंबी कच्ची. १६० च्या खाली असेल तर तेल पितं. प्रत्येक घाण्यानंतर तळाशी पडलेला नारळाचा चुरा झाऱ्याने काढा, नाहीतर तो जळून पुढच्या घाण्याला चिकटतो. कागदावर न ठेवता जाळीवर ठेवा, कागदावर खालची बाजू वाफेने मऊ पडते.

सोबत मार्मलेड सॉस: संत्र्याचं मार्मलेड १०० ग्रॅम, मोहरीचा सॉस १ छोटा चमचा, लिंबाचा रस १ मोठा चमचा, केजन मसाला अर्धा छोटा चमचा, मंद आचेवर पातळ होईपर्यंत. सालींचा किंचित कडूपणा यात हवाच, म्हणून जॅम वापरू नका.

गंबो

तिन्हींतला हा सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत समाधानाचा. तासभर आधी साठा, म्हणजे सालींचा स्टॉक, करून घ्या: एक किलो कोळंबीच्या साली आणि डोकी एक मोठा चमचा तेलात लालबुंद होईपर्यंत परता, दीड लिटर पाणी घाला, २५ मिनिटं मंद उकळा, गाळा. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की साठा कडसर होतो.

आता रू, म्हणजे तेलात भाजलेला मैदा. जाड बुडाची लोखंडी कढई घ्या, नॉनस्टिक नको, पातळ ॲल्युमिनियम तर मुळीच नको. १२० मिलिलिटर तेल आणि ६५ ग्रॅम मैदा मध्यम-मंद आचेवर लाकडी उलथन्याने ढवळायला लागा आणि ३० ते ४० मिनिटं थांबू नका. आधी पांढरट, मग शेंगदाण्याचा रंग, मग विटकरी, शेवटी दुधाच्या चॉकलेटसारखा. भाजलेल्या शेंगदाण्याचा वास कॉफीच्या वासाकडे वळला की रंग आलाच म्हणून समजा. शेवटची पाच मिनिटं फोन उचलू नका. काळे कण दिसले तर रू जळला, सगळा टाकून नव्याने सुरू करा, कुठल्याच मसाल्याने तो कडूपणा जात नाही. रू जितका गडद तितकी त्याची दाटपणा देण्याची ताकद कमी, कारण भाजण्यात पिष्ट मोडतं. म्हणून गडद रूचा गंबो पातळ राहिला तर घाबरू नका, पुढे भेंडी आहे.

रंग आला की लगेच चिरलेला कांदा २०० ग्रॅम, सेलरी १०० ग्रॅम, हिरवी ढोबळी मिरची १०० ग्रॅम टाका. भाज्या कोरड्या असू द्या, ओल्या असतील तर तेल उडतं आणि हे तेल त्वचेला चिकटून भाजतं. भाज्यांमुळे रू निवतो आणि जळणं थांबतं. ८ मिनिटं परता, लसणाच्या ५ पाकळ्या, केजन मसाला २ छोटे चमचे, मीठ दीड छोटा चमचा. मग सव्वा लिटर कोमट साठा थोडाथोडा घालत ढवळा. एकदम ओतला तर रू फुटून वर तेल तरंगतं. बे लीफ घालायचं तर मध्ये एकच शीर असलेलं पान घाला. आपल्या तमालपत्राला तीन उभ्या शिरा असतात आणि दालचिनीचा वास, तो इथे नको, त्यापेक्षा काहीच घालू नका.

४५ मिनिटं मंद आचेवर. मधल्या वेळात १५० ग्रॅम भेंडीचे तुकडे वेगळ्या तव्यावर तेलात तारा कमी होईपर्यंत परतून गंबोत टाका. फिले पावडर, म्हणजे सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड, मिळाली तर भेंडीऐवजी ती घेता येते, पण गॅस बंद केल्यावरच. उकळली की तिचे दोरे होतात.

वाढायच्या पाच मिनिटं आधी ५०० ग्रॅम सोललेली ३१/४० कोळंबी घाला, दोन मिनिटांनी गॅस बंद करा आणि झाकून तीन मिनिटं थांबा. खोलगट वाटीत गंबो, मध्ये मोकळ्या भाताची मूद, वर चिरलेली कांद्याची पात.

गंबो दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो, पण कोळंबी नाही. उद्यासाठी ठेवायचा असेल तर कोळंबी घालण्याआधीच निम्मा बाजूला काढा, तासाभरात निववून फ्रिजमध्ये ठेवा, आणि उद्या त्याला उकळी आणून कच्ची कोळंबी त्याच वेळी घाला.